रुपयाचा खेळ, सत्तर हजारांचे यंत्र

नोकरीची तीस वर्षे गावोगाव फिरण्यात गेली. या काळात शेतकरी मंडळींनी मला पुष्कळ यंत्रांबद्दल विचारले. पॉवर टिलर घ्यावा का, कापणीचे यंत्र आमच्या खाचरांत फिरेल का, मळणीयंत्र दोघा भावांत घ्यावे की एकट्याने घ्यावे. उत्तरे देण्याची सवय होऊन गेली आहे. पण यंदाच्या वैशाखात चिंचोटीहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला आणि तिने विचारले, "अरे भाऊ, सत्तर हजारांचं खेळायचं यंत्र घ्यावं का रे?" तेव्हा मी गप्पच झालो. दापोलीला शेतकी शिकत असताना चार वर्षांत हा विषय काही कोणी शिकवला नव्हता.

ज्यांनी वसई तालुका पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गावर चिंचोटी लागते. तिथूनच कामणवरून भिवंडीला जाणारा रस्ता फुटतो. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पावसाळ्यात चिंचोटीचा धबधबा, आणि एके काळी दोन्ही बाजूंना भाताची खाचरे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तोवर आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. आता खाचरांच्या जागी गोदामे आली आहेत, रात्रभर ट्रक चालतात. माझ्या मेव्हण्यांनी दीड एकर भात आणि तीन म्हशी एवढे मात्र अजून धरून ठेवले आहे. त्यांना सगळे गाव आप्पा म्हणते. मी दाजी म्हणतो.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, अडतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. टीव्ही दुरुस्तीपासून त्याने सुरुवात केली, आता मोबाईलच्या दुरुस्तीवर घर चालते. हात फार चांगला. वसई गावातले एक जहाजावर नोकरी करणारे गृहस्थ त्याच्याकडे एक जुने जपानी यंत्र घेऊन आले. जपानात घरातली वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. कोणी तरी ते तसेच आपल्या प्लगात लावले आणि त्याचा अॅडाप्टर जळाला. भाच्याने ते सुरू करून दिले. तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, मला आता वेळ नाही, चार कॅसेटींसकट सत्तर हजारांत घेतोस का?

भाच्याच्या नावावर बँकेत तेवढे पैसे साठलेले होते. दाजींच्या मते ते पैसे गोठ्याच्या पत्र्यांसाठी होते. जुने पत्रे गंजून त्यांची चाळण झाली होती आणि मिरग महिन्यावर आला होता. बापलेकांत बोलणे तसेही मोजकेच असे. ताईने मला बोलावले ते दोघांत मी काही तरी तोल साधीन म्हणून. दाजींनी बोलावले असते तर ते पोराला चार शब्द सुनवायला, एवढाच काय तो फरक.

रविवारी गेलो. पडवीत जुना पेटीचा टीव्ही मांडला होता आणि त्याच्यापुढे एक काळी, चपटी पेटी. तिच्यावर 'मॅक्स ३३० मेगा' असे इंग्रजीत लिहिलेले. खेळायची कांडी बसवलेला फळा पोळपाटाएवढा रुंद आणि चांगला जड. कॅसेट म्हणजे तर लग्नाच्या व्हिडिओची जुनी कॅसेट असे त्या मापाची. यंत्राचे नाव निओ जिओ. मी नाव पहिल्यांदाच ऐकले. भाच्याला मी म्हटले, "हे बघ, मी विकत घ्यायच्या आधी प्रत्येक यंत्राची चौकशी करतो. कोणी बनवलं, कशासाठी बनवलं, महाग का, सुटे भाग मिळतात का. तू सांग, मी ऐकतो."

त्याने जे सांगितले आणि नंतर मी स्वतः जे वाचून काढले ते असे.

जपानात ओसाका शहरात १९७८ साली एसएनके नावाची कंपनी निघाली. ती दुकानांत ठेवायची, नाणे टाकून खेळायची यंत्रे करीत असे. अशा यंत्राची एक मोठी अडचण होती. खेळ जुना झाला, मुले कंटाळली, की दुकानदाराला आतली सगळी पाटी बदलावी लागे, कधी कधी पेटीही नवी घ्यावी लागे. एसएनकेने १९९० साली युक्ती काढली. पेटी तीच ठेवायची, आतली पाटीही तीच, फक्त खेळाची कॅसेट बदलायची. काही पेट्यांत एक कॅसेट बसे, काहींत दोन, चार, अगदी सहासुद्धा. खेळणारा बटण दाबून हवा तो खेळ निवडी. आपल्या पेरणी यंत्राची चकती बदलली की तेच यंत्र भुईमूगही पेरते आणि हरभराही, तसेच हे. दुकानदाराचा खर्च वाचला आणि यंत्र जगभर पसरले.

त्याच वर्षी कंपनीने त्याची घरगुती आवृत्ती काढली. आता इथे एक गोष्ट मला फार आवडली. ती आवृत्ती सुरुवातीला विकायची नव्हतीच. हॉटेलांत आणि दुकानांतून भाड्याने द्यायची, असा बेत होता. लोकांची मागणी इतकी आली की मग विक्रीला काढली. म्हणजे बनवणाऱ्यालाही ठाऊक होते की ही वस्तू एका घराला परवडायची नाही.

आणि ती परवडण्यासारखी नव्हतीच. १९९१ साली अमेरिकेत मोठ्या संचाची किंमत साडेसहाशे डॉलर होती. त्या वर्षी जुलैत आपल्या रुपयाचे अवमूल्यन झाले. त्याआधीचा भाव धरला तर बारा-तेरा हजार रुपये, नंतरचा धरला तर सोळा हजारांच्याही वर. एकेका कॅसेटीला दोनशे डॉलरच्या आसपास पडत. त्याच साली अमेरिकेत आलेले सुपर निन्टेन्डो हे संपूर्ण यंत्र जवळपास दोनशे डॉलरला मिळत होते. म्हणजे यांची एक कॅसेट आणि त्यांचे अख्खे यंत्र, भाव सारखाच.

महाग असण्याचे कारण लबाडी नव्हे. इतर कंपन्या दुकानातल्या मोठ्या खेळाची काटछाट करून घरगुती खेळ बनवीत. चित्रे लहान, रंग कमी, आवाज बारीक. निओ जिओत काटछाट नव्हती. दुकानात जे चाले तेच घरात. पडद्यावर एका वेळी चार हजारांवर रंग, मोठमोठी हलती चित्रे, आणि ती सगळी साठवायला कॅसेटीत स्मृतीच्या चिपांचा ढीग. त्या चिपांचीच किंमत मोजायची. आम्ही शेतकऱ्याला सांगतो ना, की पायाभूत बियाणे महाग असते ते उगाच नाही, तशातला प्रकार. आणखी गंमत म्हणजे एक छोटे स्मृतीकार्ड मिळे. घरी अर्धा खेळलेला खेळ त्यावर नोंदवून दुकानातल्या यंत्रात पुढे चालू करता येई. दुकानाची कॅसेट मात्र घरच्या यंत्रात बसत नाही. आतला खेळ तोच, पण दाते वेगळे ठेवले आहेत. हे धोरण मला पटले नाही, पण आपल्याकडेही एका कंपनीच्या फवारणी पंपाचे नोझल दुसऱ्याला बसत नाहीच.

एवढे ऐकून झाल्यावर मी विचारले, "पण तुला याचं वेड लागलं कुठे? आपल्याकडे असं यंत्र कोणाच्या घरी होतं?"

"घरी कोणाच्याच नव्हतं मामा," तो म्हणाला. "नायगाव स्टेशनच्या वाटेवर पार्लर होतं."

आपल्या वाचकांत जे आज पस्तिशी-चाळिशीत आहेत त्यांना पार्लर म्हणजे काय हे सांगायला नको. स्टेशनाजवळ, बाजारपेठेत, एखाद्या अंधाऱ्या गाळ्यात प्लायवूडच्या चार-सहा पेट्या, आत टीव्हीची काच, बाहेर कांडी आणि बटणे. रुपयाला एक डाव. त्या काळी सगळ्यांच्या तोंडी 'मुस्तफा' असे. तो खेळ कॅपकॉम या दुसऱ्या जपानी कंपनीचा, १९९३ सालचा. त्याचे खरे नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. पण त्यातला पिवळ्या टोपीचा मुस्तफा आपल्या पोरांनी असा काही उचलला की खेळालाच त्याचे नाव पडले. भाच्याने आवर्जून सांगितले की तो निओ जिओवरचा नव्हे. पण त्याच्या शेजारच्या पेटीत 'किंग ऑफ फायटर्स ९७' आणि 'मेटल स्लग' असत ते मात्र निओ जिओचे. म्हणजे ज्या यंत्राचा खर्च अमेरिकेतल्या नोकरदार माणसालाही जड जाई, तेच यंत्र, तसूभरही कमी नाही, नायगावच्या वाटेवरच्या गाळ्यात म्हैसवाल्याच्या पोराला रुपयाला मिळत होते. आमच्या खात्यात हल्ली अवजार बँकेचे फार बोलले जाते. एकाने न घेता दहांनी वापरायचे. पार्लरवाल्याने ती बँक आमच्या कितीतरी आधी उघडली होती.

इतका वेळ दाजी पायरीवर बसून विडी ओढत होते. ते एकदम म्हणाले, "रुपयाला मिळत होतं, पण रुपया कोणाचा होता ते विचार त्याला."

पडवीत कोणी बोलेना. मग ताईनेच सांगितले. १९९८ च्या सुमाराची गोष्ट. पोरगा अकरा वर्षांचा. सकाळी रतिबाचे दूध घालून येई आणि हिशेबात दोन-चार रुपये कमी भरत. दाजींनी एक दिवस पाळत ठेवली, पार्लरात शिरले आणि सगळ्यांदेखत कान धरून बाहेर काढले. घरापर्यंत तसेच आणले. तेव्हापासून पोरगा दूध घालायला गेला नाही. बापाशी बोलायचा, पण लागेल तेवढेच. सत्तावीस वर्षे.

मी हिशेबाचा माणूस. मनातल्या मनात मांडून पाहिले. नवख्या पोराचा डाव दोन-तीन मिनिटांत संपतो. संपावाच लागतो, कारण पेटीवाल्याचा धंदा त्यावरच. म्हणजे तासाला वीस-पंचवीस रुपये. दाजींच्या आठवणीप्रमाणे तेव्हा म्हशीचे दूध बारा रुपये लिटर. तासाभरात दोन लिटर दूध त्या पेटीत जाणार. रागावलेला बाप खोटे रागावला नव्हता. पण दाजींना आत काय आहे हे कधी दिसले नव्हते हेही खरे. ते पेटीकडे पाठ करून आत शिरले आणि पोरगा घेऊन बाहेर पडले.

मी म्हटले, "आता आणलंच आहे तर लाव. विकत घ्यायच्या आधी प्रात्यक्षिक बघायची आपली पद्धत आहे."

चार कॅसेटींपैकी एक बेसबॉलची, तिच्यात मला काही कळले नाही. दुसरी 'फेटल फ्युरी'ची. हा मारामारीचा खेळ १९९१ सालचा. पहिला 'स्ट्रीट फायटर' ज्यांनी आखला त्यांच्यापैकी ताकाशी निशियामा नंतर एसएनकेत आले आणि त्यांनी हा केला. तिसरी 'किंग ऑफ फायटर्स ९७'. यात तीन-तीन जणांचे संघ असतात. कंपनीने आपल्या निरनिराळ्या खेळांतले गाजलेले मल्ल १९९४ साली एका आखाड्यात आणले आणि दरवर्षी नवा आखाडा भरवला. आपल्याकडे गावोगावचे पहिलवान एका जत्रेला येतात तसे. भाच्याने लाल केसांचा इओरी नावाचा गडी घेतला. बोटे अशी चालत होती की सत्तावीस वर्षे मध्ये गेलीच नाहीत. त्याची दोन्ही पोरे बापाकडे तोंड उघडे टाकून बघत होती. त्यांनी बापाला टाका मारताना पाहिले होते, असे काही करताना कधी पाहिले नव्हते.

चौथी कॅसेट मात्र मला स्वतःला आवडली. 'सामुराई शोडाउन', १९९३ सालची. जपानात तिला सामुराई स्पिरिट्स म्हणतात. अठराव्या शतकातला जपान, तलवारी घेतलेले योद्धे, एका मुलीच्या हाताशी ससाणा, मागे समुद्राच्या लाटा आणि वाऱ्याने हलणारे गवत. त्यातली खुबी अशी की भराभर बटणे बडवून काही साधत नाही. नेमका एक वार बसला तर समोरच्याची निम्मी ताकद जाते. आपण वार करायला गेलो आणि चुकलो की आपणच उघडे पडतो. तेव्हा थांबायचे, समोरच्याला पुढे येऊ द्यायचे आणि मग हात चालवायचा.

मी दाजींच्या हातात फळा दिला. ते नको नको म्हणाले, पण नातवाने हट्ट धरला. दाजींना चार बटणे कशाला हेच समजेना. पहिले दोन डाव ते नुसते उभे राहून मार खात होते. तिसऱ्यात भाचा सफाईने चालून आला आणि दाजींनी, बहुधा न ठरवताच, मोठ्या वाराचे बटण दाबले. भाच्याचा गडी आडवा. नातवंडांनी पडवी डोक्यावर घेतली. दाजी म्हणाले, "हां. म्हणजे जनावर अंगावर आलं की बाजूला व्हायचं आणि मग काठी." भाचा हसला. बापाच्या बोलण्यावर तो हसलेला मी पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता.

जेवणानंतर मी माझे म्हणणे मांडले. यंत्र उत्तम, यात शंका नाही. पण खात्यात आम्ही एक साधा हिशेब शिकवतो. यंत्राची किंमत किती वर्षांत वाटायची आणि वर्षात ते किती तास चालेल. सत्तर हजार दहा वर्षांत वाटले तर वर्षाला सात हजार. वर्षात शंभर तास खेळलास, आणि दुकान, दोन पोरे आणि म्हशी सांभाळून तू त्याहून जास्त खेळणार नाहीस, तर तासाला सत्तर रुपये पडले. शिवाय पुढची कॅसेट. तुझा आवडता मेटल स्लग यात नाहीच. नाझ्का नावाच्या छोट्या चमूने १९९६ साली तो केला, आणि त्याच्या घरगुती कॅसेटी इतक्या थोड्या निघाल्या की आज इंग्रजी आवृत्तीची अस्सल कॅसेट लाखांच्या भावाने जाते. तोच खेळ मोबाईलवर काही शे रुपयांत अधिकृतपणे मिळतो, तू स्वतःच मला दाखवलास. दाढीवाल्या कैद्याला सोडवले की तो वस्तू काढून देतो आणि सलाम ठोकतो, शत्रूचे शिपाई गप्पा मारत बसलेले असतात आणि आपल्याला पाहून किंचाळतात, ती सगळी मजा त्यात जशीच्या तशी आहे. मग ही पेटीच कशाला?

दाजींनी मान हलवली. त्यांना वाटले काम झाले.

भाच्याने शांतपणे विचारले, "मामा, आप्पांनी बैल विकून किती वर्षं झाली?"

"पंधरा झाली असतील."

"मग गाडा पडवीत कशाला ठेवलाय? दरवर्षी त्याला तेल लावतात. वर्षाला किती तास चालतो तो? काढा की हिशेब."

पडवीच्या टोकाला गाडा उभा होताच. चाकांना तेल पाजलेले, जू भिंतीला टांगलेले. मी येता-जाता तो इतक्या वेळा पाहिला होता की माझ्या लक्षातच राहिला नव्हता. दाजी काही बोलले नाहीत. उठून गोठ्यात गेले. मीही त्यावर काही बोललो नाही, कारण माझ्या हिशेबात त्या गाड्याला रकाना नव्हता.

एक गोष्ट मात्र मी भाच्याला नीट समजावून सांगितली, आणि ती कोणालाही उपयोगी पडेल म्हणून इथे लिहितो. जी वस्तू दुर्मीळ आणि महाग, तिची नक्कल बाजारात असणारच. खताच्या गोणीचे तसेच आणि या कॅसेटींचेही तसेच. निओ जिओच्या नकली कॅसेटी ढिगाने आहेत. बाहेरचे लेबल हुबेहूब छापलेले असते, आत मात्र नव्या चिपा आणि भलतीच पाटी. बियाण्याच्या पिशवीवर आपण लॉट नंबर आणि पक्की पावती पाहतो, तसे इथे कॅसेट उघडून आतल्या पाटीवरचे छापील क्रमांक आणि टाके पाहायचे. विकणारा उघडू देत नसेल तर उठून यायचे. पार्लरमधली जुनी पाटी स्वस्त मिळते म्हणून कोणी घेऊ लागला, तर तिच्यावरची बॅटरी आधी पाहायची. ती वर्षानुवर्षे गळून तांब्याच्या रेषा खाते. हे शेवटचे मला भाच्यानेच शिकवले. या चौघी कॅसेटी त्याने उघडून पाहिल्या होत्या, चारही अस्सल निघाल्या.

कंपनीचे पुढे काय झाले तेही सांगतो. एसएनके २००१ साली बुडाली. तिच्या खेळांचे हक्क दुसऱ्या एका कंपनीकडे गेले, तिने २००४ पर्यंत या यंत्रासाठी खेळ काढले. चौदा वर्षे एकाच पाटीवर नवे खेळ निघत राहिले, हे आजच्या काळात नवलच. पुढे २०१६ मध्ये जुने नाव परत आले. २०१८ मध्ये कंपनीला चाळीस वर्षे झाली म्हणून चाळीस खेळ आत भरलेली हातभर सुद्धा नाही अशी छोटी पेटी त्यांनी काढली. २०२२ मध्ये तर सौदी अरेबियाच्या युवराजांच्या प्रतिष्ठानाने कंपनीचा ९६ टक्के हिस्सा घेतला. ओसाकाचे यंत्र, सौदीची मालकी, आणि आवडणारी पोरे नायगावची.

भाच्याने यंत्र घेतले नाही. माझ्या हिशेबाने नाही घेतले असे मला वाटत नाही. मे महिन्याच्या शेवटी एक वळवाची सर आली आणि गोठ्यात म्हशीच्या पाठीवर धार लागली, ती त्याने रात्री बॅटरी घेऊन पाहिली. दुसऱ्या दिवशी तो स्वतः वसईला जाऊन पत्रे घेऊन आला. दाजींनी मागितले नव्हते. पत्रे चढवायला बापलेक दोघे शिडीवर होते असे ताईने फोनवर सांगितले. बोलले काय, विचारल्यावर म्हणाली, "खिळे दे, हातोडी दे. पण दिवसभर बोलत होते."

यंत्राच्या मालकाला त्याने कळवले की विकत घेणे जमत नाही. ते गृहस्थ परत जहाजावर निघाले होते. दुरुस्तीचे पैसे किती झाले, असे त्यांनी विचारले. भाचा म्हणाला, पैसे नकोत, तुम्ही सुट्टीवर परत येईपर्यंत पेटी माझ्याकडे राहू द्या. त्यांना घरात अडगळच होती. ते हो म्हणाले.

गणपतीत मी सहकुटुंब चिंचोटीला गेलो. जू खाली उतरवून गाडा पडवीच्या मधोमध ओढला होता आणि त्याच्या समोर टीव्ही. वाडीतली पंधरा-वीस पोरे गाड्यात आणि गाड्याखाली दाटीने बसली होती. दोन फळे, दोन खेळणारे. हरला की उठायचे, जिंकला तरी तीन डावांवर उठायचे, हा नियम. दारात पाटावर दाजी बसलेले, हातात नातवाची वही, तिच्यात नंबर लिहिलेले. कोणी रांग मोडली की नाव पुकारून मागे पाठवत होते. एका पोराने खिशातून रुपया काढून विचारले, "आप्पा, पैसे कुठे द्यायचे?" तेव्हा दाजी त्याच्यावर असे काही ओरडले की आत आरतीची तयारी करणाऱ्या बायका बाहेर येऊन पाहू लागल्या.

रात्री पोरे घरी गेल्यावर भाचा आणि मी अंथरुणे टाकीत होतो. दाजी टीव्हीसमोर तसेच बसून होते. म्हणाले, "तो तलवारवाला लाव जरा."

मालकाचे जहाज डिसेंबरात लागणार आहे. तोवर पेटी चिंचोटीत आहे.